हॉपकिन्सचे दोन वारसे

महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांचा संप झाला की एक वाद ठरल्यासारखा झडतो. तरुण डॉक्टर म्हणतात, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या करून माणूस माणसात राहत नाही. ज्येष्ठांपैकी कोणीतरी उत्तर देते, आमच्या वेळी याहून जास्त होते आणि आम्ही ते आनंदाने केले. दोघेही खरे बोलत असू शकतात, आणि वादाची गोम तिथेच आहे. ज्येष्ठांना जो आनंद आठवतो तो बहुधा त्या तासांमध्ये शेजारी कोण उभे होते याचा असतो. पण सांगताना तास तेवढे सांगितले जातात, कारण ते मोजता येतात. ही गफलत मुंबई-पुण्यात जन्मली नाही. आज जगभर ज्या साच्यात डॉक्टर घडवले जातात तो साचा मुख्यतः एका इस्पितळात तयार झाला. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ च्या मे महिन्यात उघडले आणि पुढच्या सोळा वर्षांत तिथे दोन माणसांनी, एकाच आवारात, शिकवण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा रुजवल्या. एक विल्यम ऑस्लर, औषधवैद्यक विभागाचा प्रमुख. दुसरा विल्यम हॉल्स्टेड, शस्त्रक्रियेचा. माझे म्हणणे असे, की जगाने हॉल्स्टेडचे वेळापत्रक उचलले आणि ऑस्लरचे नुसते फोटो लावले. डॉक्टरी पेशातल्या आनंदाविषयी आज जी तक्रार ऐकू येते तिचे बरेचसे मूळ या निवडीत आहे.

ऑस्लर काय वेगळे करत होता हे कळायला आधीची स्थिती पाहावी लागते. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवण्याची रीत त्याने शोधली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधल्या लायडनला बूरहाव्ह तसे शिकवत असे; तिथून ती रीत एडिंबरोला गेली. एडिंबरोत शिकलेला चार्ल्स मोरहेड मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजचा पहिला प्रमुख झाला तेव्हा, १८४५ मध्ये, कॉलेजला लागूनच सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ होते, आणि विद्यार्थ्याने तिथल्या वॉर्डात शिकावे असा मोरहेडचा आग्रह होता. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्याच काळात अमेरिकेतली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये म्हणजे प्राध्यापकांनी नफ्यासाठी चालवलेली दुकाने होती. चार-पाच महिन्यांची व्याख्यानांची एक टर्म, मग तीच व्याख्याने पुन्हा ऐकायची दुसरी टर्म, की झाला डॉक्टर. हार्वर्डमध्ये १८७० च्या सुमारास लेखी परीक्षेचा विषय निघाला तेव्हा शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकाने हरकत घेतली, की निम्म्याहून अधिक मुलांना धड लिहिता येत नाही. म्हणजे वैद्यकीय शिक्षणात अमेरिका कायमच पुढे होती ही आपली समजूत निदान त्या काळापुरती सोडून द्यायला हरकत नाही. तिथल्या विद्यार्थ्याला एकाही रुग्णाच्या अंगाला हात न लावता पदवी मिळू शकत असे.

ऑस्लर मूळचा कॅनडाचा. १८४९ साली ओंटारिओतल्या एका आडगावात, पाद्र्याच्या घरी जन्मलेला. त्याच्या जडणघडणीत तीन माणसे होती, आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला मोठा पाठ्यग्रंथ त्याने त्या तिघांनाच अर्पण केला. पहिला डब्ल्यू. ए. जॉन्सन, शाळा चालवणारा धर्मगुरू. मुलांना तळ्याकाठी नेऊन पाण्यातले जीव गोळा करायला लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा. दुसरा टोरांटोचा डॉक्टर जेम्स बोव्हेल. त्याने आपले ग्रंथालय आणि आपला सूक्ष्मदर्शक या पोराला मोकळे करून दिले. तिसरा मॅकगिल विद्यापीठातला रॉबर्ट पामर हॉवर्ड, ज्याच्या वॉर्डात आणि घरी ऑस्लर वाढला. यांतल्या बोव्हेलचे नाव वैद्यकाच्या इतिहासात ऑस्लरच्या संदर्भाविना क्वचितच येते. स्वतःच्या कामात तो कुठे फार तडीला गेला नाही. तरीही पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑस्लर एखाद्या रटाळ सभेत बसला की समोरच्या कागदावर नकळत जेम्स बोव्हेल, जेम्स बोव्हेल असे लिहीत बसे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. चांगला गुरू होण्यासाठी माणूस पेशात सर्वांत मोठा असावा लागतो, असे नाही. आपली पुस्तके आणि आपला वेळ देण्याइतके मोकळेपण लागते, आणि ते ऑस्लरला स्वतः शिकवू लागण्याआधी मिळालेले होते.

हॉपकिन्सचे मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झाले. पैसा कमी पडला तेव्हा मेरी गॅरेट या धनिक बाईने मोठी रक्कम दिली, पण अटी घातल्या : प्रवेशाला पदवी हवी आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने घ्यायला हवे. अटी इतक्या कडक होत्या, की आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते, असे ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणाला होता. त्या शाळेत त्याने जी पद्धत बसवली ती आज इतकी सवयीची आहे, की तिच्यात काही नवे होते हेच लक्षात येत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला वॉर्डातल्या काही खाटा येत. त्या रुग्णाची हकीकत त्यानेच लिहायची, रक्त-लघवी त्यानेच तपासायची आणि सकाळी राउंडला ऑस्लर आला की केस त्यानेच मांडायची. विद्यार्थी हा पाहुणा नव्हता. तो नसता तर वॉर्डाचे काम अडले असते. शनिवारी संध्याकाळी वॉर्डातली ही मुले त्याच्या घरी जमत. आठवड्यातल्या केसेसवर बोलणे होई, कोणाचे कुठे चुकले ते निघे, मग ऑस्लर एखादा जुना ग्रंथ उघडून सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कोणा वैद्याची गोष्ट सांगे. शेजारच्या घरात हार्वे कुशिंगसह काही तरुण डॉक्टर भाड्याने राहत. त्यांना ऑस्लरने आपल्या घराच्या दाराच्या किल्ल्या दिल्या होत्या. केव्हाही यावे, ग्रंथालयात बसावे. ‘लॅच-की’वाले या नावानेच ती मंडळी पुढे ओळखली गेली. आपल्या थडग्यावर काही लिहायचेच असेल तर आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवले एवढेच लिहावे, अशा अर्थाचे तो बोलून गेला आहे. मोठ्या माणसांची अशी वाक्ये जपूनच घ्यावीत. पण याच्या बाबतीत दिनक्रमच साक्षीला आहे.

आता हॉल्स्टेड. हा माणूस समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कचा तडफदार सर्जन. १८८४ च्या सुमारास कोकेनने अवयव बधिर करण्याचे प्रयोग त्याने स्वतःवर केले आणि त्याच्या आहारी गेला. उपचार झाले, त्यांत मॉर्फिन आले, आणि मॉर्फिनने त्याला पुढे सोडले नाही. ऑस्लरला हे ठाऊक होते. त्याने ते एका टिपणात लिहून ठेवले आणि मोहोरबंद केले; ते उघडले गेले १९६९ साली. बाल्टिमोरला आलेला हॉल्स्टेड हा आधीचा मनमोकळा माणूस राहिला नव्हता. एकांतप्रिय, तुटक, महिनोन्महिने गैरहजर. हातात मात्र विलक्षण शिस्त. ऊतींना जपून हाताळणे, रक्तस्राव कसोशीने थांबवणे, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे घालणे, ही सगळी त्याची देणगी. जर्मन इस्पितळे पाहून त्याने सर्जन घडवण्याची एक उतरंड उभी केली. तळाशी अनेक शिकाऊ, वर चढत जाताना संख्या कमी होत जाणार, आणि शिखरावर एकच मुख्य निवासी सर्जन. किती वर्षांत वर पोचाल याची हमी नाही, पोचाल याचीही नाही. मुक्काम इस्पितळातच, लग्न नाही, खालच्या पायऱ्यांवर राहणे-जेवण हाच मोबदला. १९०४ साली येल विद्यापीठातल्या भाषणात त्याने हिशोब सांगितला : सहायक म्हणून सहा वर्षे, मुख्य निवासी म्हणून दोन. हॉपकिन्समधल्या त्याच्या एकूण तेहतीस वर्षांत शिखरावर पोचलेले फक्त सतरा जण. त्या सतरांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी अमेरिकेतल्या अनेक मोठ्या इस्पितळांत हीच उतरंड नेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझा मुद्दा सोपा आणि खोटा होईल. इस्पितळात राहून शिकण्याची पद्धत ऑस्लरच्या विभागातही होती. त्याचा विल्यम थेयर हा निवासी डॉक्टर बरीच वर्षे त्या पदावर होता. म्हणजे ऑस्लरकडे काम हलके आणि हॉल्स्टेडकडे जड असा फरक नव्हता. एकाच छताखाली, जवळपास सारख्याच कष्टात, एका विभागातली माणसे उतारवयापर्यंत त्या दिवसांविषयी उजळून बोलत राहिली आणि दुसऱ्या विभागातली आदराने, पण थोडे अंतर राखून बोलली. फरक होता तो वरिष्ठाच्या हजेरीचा. ऑस्लर वॉर्डात येणार हे ठरलेले असे. चुकीबद्दल तिथेच बोलणे होई आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या टेबलाशी बसता येई. हॉल्स्टेडकडे माणूस स्वतःच्या बळावर तरला तर तरला. या दोन्ही तऱ्हा एकाच चित्रात आहेत. चित्रकार सार्जंटने १९०५ च्या सुमारास लंडनमध्ये रंगवलेल्या ‘फोर डॉक्टर्स’मध्ये हॉपकिन्सच्याच वेल्च आणि केली यांच्यासोबत ऑस्लर आणि हॉल्स्टेड दोघेही आहेत. चित्र पाहणाऱ्याला या दोघांतला फरक दिसत नाही, आणि ज्यांनी पुढे हॉपकिन्सची नक्कल केली त्यांनाही दिसला नाही.

नक्कल करणाऱ्यांनी हॉल्स्टेडच का घेतला, याचे उत्तर मला तरी साध्या व्यवहारात सापडते. उतरंड कागदावर मांडता येते. किती जागा, किती वर्षे, कोणी कोणाला विचारायचे, कोणाची कोणत्या रात्री पाळी, हे नियमात बसवता येते. त्यातून इस्पितळाला स्वस्तात, चोवीस तास, शिकलेली माणसे मिळतात, आणि हे कुठल्याही व्यवस्थापनाला नको कशाला असेल? उलट प्राध्यापकाने शनिवारची संध्याकाळ विद्यार्थ्यांना द्यावी असा ठराव करता येत नाही. केला तरी पाळला जाईल तो हजेरीपुस्तकात सही करण्यापुरता. म्हणून संस्थांनी जे नियमात बसते ते घेतले आणि जे बसत नाही त्याच्या आठवणी काढल्या. आपल्याकडच्या इस्पितळांतही हाउसमन, रजिस्ट्रार, लेक्चरर, युनिटचा प्रमुख अशी शिडी आली. ‘इमर्जन्सी’चा दिवस आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी न झोपता ओपीडी करण्याची रीतही आली. शिडीच्या वरच्या टोकाला जो माणूस सकाळी खाटेशी उभा राहायला हवा होता त्याची सोय मात्र त्या त्या माणसाच्या मर्जीवर राहिली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ऑस्लर हा अपवाद होता. असा खेळकर, सर्वांना हवाहवासा माणूस शतकात एखादाच होतो; टोपणनावाने वैद्यकीय नियतकालिकात थापा छापून आणणाऱ्या माणसाचा उत्साह पद्धत म्हणून कसा पेरणार? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला पुष्टी देणारे उदाहरण ऑस्लरच्या घरातच आहे. किल्ली मिळालेला कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक ठरला, त्याने लिहिलेल्या ऑस्लर-चरित्राला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते पुस्तक त्याने विद्यार्थ्यांना अर्पण केले. आणि हाच कुशिंग स्वतःच्या सहायकांशी इतका कठोर वागे, की त्याच्या तापटपणाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. जवळून पाहिलेला जिव्हाळा आपोआप झिरपत नाही, हे मान्यच करावे लागेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांना हवा तो नाही. स्वभाव झिरपत नाही म्हणूनच रचना लागते. विद्यार्थ्याला ठरावीक खाटा देणे, ठरल्या वेळी राउंड घेणे, केस त्याच्या तोंडून ऐकणे, यांतले काहीही विनोदबुद्धीवर अवलंबून नाही. ऑस्लरचा हसरा चेहरा वगळला तरी एवढे उरते, आणि एवढे पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : ती किल्ली गोऱ्या, सुस्थितीतल्या पुरुषांनाच मिळाली. खरेच आहे. त्या मंडळात बाई नव्हती, आणि त्या काळच्या हॉपकिन्स मेडिकल स्कूलमध्ये काळ्या माणसाला विद्यार्थी म्हणून प्रवेशच नव्हता. गुरूच्या ओळखीवर चालणारी व्यवस्था वशिल्याची व्यवस्था होण्याचा धोका आपल्याला तर सांगायलाच नको. तरी मॉड ॲबटची गोष्ट या ठिकाणी विसरता येत नाही. स्त्री म्हणून मॅकगिलने तिला वैद्यकाला प्रवेश नाकारला; दुसऱ्या कॉलेजातून डॉक्टर होऊन ती परत आली तेव्हा मॅकगिलमध्ये तिच्या वाट्याला आले ते वैद्यकीय संग्रहालय, बाटल्यांत ठेवलेले जुने अवयव. १८९८ मध्ये ती बाल्टिमोरला ऑस्लरला भेटली. या अडगळीत केवढी संधी आहे हे त्याने तिला दाखवले आणि १९०५ साली आपण संपादित करत असलेल्या ग्रंथात जन्मजात हृदयविकारांवरचे प्रकरण तिच्याकडे सोपवले. तोवर या विषयात तिचे नाव नव्हते. तिने चारशेवर केसेस तपासून ते लिहिले आणि त्यातूनच पुढे १९३६ चा, हजार हृदयांवर आधारलेला तिचा ॲटलास झाला. हॉपकिन्सची बालरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग तिच्याकडे माँट्रियलला शिकायला गेली. आणि १९४४ च्या नोव्हेंबरात, त्याच हॉपकिन्समध्ये, टाउसिगच्या कल्पनेवरून जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडलेल्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. ॲबटला ऑस्लरच्या शेजारी राहावे लागले नाही. तिला मिळाली एक भेट, काही पत्रे आणि विश्वासाने दिलेले एक मोठे काम. वशिला तयार जागेवर माणूस बसवतो. इथे जागाच नव्हती, ती तिच्या कामातून झाली.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून क्वचित मांडली जाते, पण ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. आनंदी डॉक्टरांचा हा आदर्श स्वतः थकून गेला होता. कीर्ती वाढली तसे रुग्ण, समित्या, भाषणे यांनी त्याचा दिवस खाल्ला. १९०४ साली ऑक्सफर्डचे पद चालून आले तेव्हा पत्नीने तारेने कळवले, की चालढकल न करता ताबडतोब स्वीकार. ही धाव त्याला फार दिवस झेपणार नाही हे तिला दिसत होते. ऑक्सफर्डला त्याचे घर पुन्हा विद्यार्थ्यांनी भरले. १९१६ साली टॉर्पेडोने फुटलेल्या जहाजातून जखमी झालेला वाइल्डर पेनफिल्ड, पुढचा थोर मेंदूशल्यज्ञ, त्याच घरात बरा झाला. म्हणजे शिकवण्याने तो दमला नव्हता, बाकीच्या सगळ्याने दमला होता. आनंद ही वृत्तीची बाब असती तर ऑस्लरला जागा बदलावी लागली नसती. तो ऑक्सफर्डला गेल्यावर हॉपकिन्सने १९१३ मध्ये प्राध्यापकांना खासगी व्यवसाय बंद करून पूर्णवेळ पगारी केले. त्यासाठी पैसा आला रॉकफेलरच्या शिक्षण मंडळाकडून, ज्याचा कर्ताधर्ता फ्रेडरिक गेट्स १८९७ च्या सुट्टीत ऑस्लरचा पाठ्यग्रंथ वाचूनच वैद्यकाकडे वळला होता. ऑस्लरने १९११ मध्येच या योजनेला लेखी विरोध केला होता : असे प्राध्यापक प्रयोगशाळेकडे ओढले जातील आणि रुग्णापासून, विद्यार्थ्यापासून तुटतील. तो सर्वस्वी बरोबर होता असे नाही. पूर्णवेळ संशोधनाने रुग्णांचे पुष्कळ भले केले. पण वॉर्डात कोण उभे राहणार, या त्याच्या प्रश्नाला योजनेत उत्तर नव्हते.

मुंबईने या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर काही दशके चालवून पाहिले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. १९२६ साली सुरू झाले ते शिक्षक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर, आणि तिथे तसेच इतर इस्पितळांत शिकवण्याचा मोठा भार ‘ऑनररी’ डॉक्टरांनी वाहिला. सकाळ वॉर्डात, विनामोबदला किंवा नाममात्र मानधनावर. संध्याकाळ स्वतःच्या कन्सल्टिंगमध्ये. या पद्धतीत दोष होतेच. कोणी उशिरा येई, कोणी खासगी रुग्णांसाठी लवकर निघे, आणि मानद पदाची पाटी बाहेरच्या धंद्याला उपयोगी पडे. तरी ज्याला शिकवण्याची गोडी होती त्याच्या सकाळच्या ‘क्लिनिक’ला दुसऱ्या युनिटची, दुसऱ्या कॉलेजची मुलेही येऊन उभी राहत. त्या शिक्षकाला पगार बांधत नव्हता. तो येत असे ते येण्यात सुख होते म्हणून. ज्येष्ठांच्या ‘आमच्या वेळी’मागे बहुधा या सकाळी असतात. त्यांनी त्या सकाळींचा हिशोब मांडावा, रात्रींचा नव्हे.

तास कमी करणे आवश्यक आहेच. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर निवासी डॉक्टरांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि अमेरिकेत २००३ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा देशभर लागू झाली. आपल्याकडे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत, आणि वॉर्डात ते किती पाळले जातात हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे. पण ८० तासांची मर्यादा येऊनही तिथले डॉक्टर वैतागलेलेच राहिले, कारण तास कमी झाले तरी त्या तासांत शिकवणारा वाढला नाही. आज आपल्या मेडिकल कॉलेजांची तपासणी होते तेव्हा खाटा, प्राध्यापक, प्रयोगशाळा मोजल्या जातात, बायोमेट्रिक हजेरी पाहिली जाते. युनिटच्या प्रमुखाने आठवड्यातल्या किती सकाळी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून विद्यार्थ्याच्या तोंडून केस ऐकली, हे तपासणाऱ्यांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि कॉलेजच्या मान्यतेत ते धरावे. त्याला नवी इमारत लागत नाही, की जादा निधीही लागत नाही.